उशाशी पाळीपाळीने

साहेबांना आधार द्यायचा होता आणि घ्यायला कोणी मिळत नव्हतं.

मुख्य कचेरीतून ते नुकतंच प्रशिक्षण घेऊन परतले होते. घरच्या आजारपणासाठी रजेवर जाणाऱ्या कर्मचाऱ्याला वरिष्ठाने आधार कसा द्यावा, हा विषय. शिकवणारी मुलगी साहेबांच्या धाकट्या लेकीच्या वयाची होती. तिने फळ्यावर सगळ्यात आधी लिहिलं होतं, 'त्यालाच विचारा, तुला काय हवंय?' साहेबांनी बाकीचं सगळं वहीत उतरवून घेतलं, एवढं एक सोडून. माणसाचं दुःख ज्याला विचारून कळतं तो साहेब कसला, असं त्यांचं स्पष्ट मत पडलं.

परतल्यावर ते रोज एकेका टेबलाशी जाऊन प्रकृतीची चौकशी करू लागले. त्या चौकशीत आशा इतकी उघड दिसे की रोखपाल धास्तावले आणि रक्त तपासून आले. रक्तात काही निघालं नाही. सगळी कचेरी ठणठणीत होती. आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंच्या सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या, पण त्या नेमक्या साहेब प्रशिक्षणाला गेले असताना वारल्या. "थोडक्यात हुकलं," असं साहेब घरी म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा इस्त्री करू लागली.

कचेरी एका बस कंपनीची होती. कोणत्या बसवर कोण चालक, कोण वाहक, आणि त्यातलं कोणी उगवलं नाही तर बदली कोण, एवढंच तिथलं काम. बदली म्हणजे ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी बसायचा माणूस. साहेबांची सगळी कारकीर्द या बदलीवर उभी होती. त्यांच्या हाताखाली माणूस नाही म्हणून एकही बस कधी उभी राहिली नव्हती, आणि हे ते ओळख झाल्या झाल्या सांगत. रिकामी जागा त्यांना बघवत नसे. नाटकाला गेले तरी पुढच्या रांगेतली एखादी मोकळी खुर्ची त्यांना पहिला अंकभर खुपत राही, आणि नाटक कशावर होतं ते बायकोला विचारावं लागे.

हे सगळं पत्रक प्रत्यक्षात जुळवणारा कारकून खिडकीजवळ बसे. बोलणं अगदीच बेताचं, म्हणून सगळे त्याला मौनी म्हणत. काहीही सांगा, तो "बरं साहेब" म्हणे आणि करून टाकी. बाहेर चार दिवस ऊन पडलेलं नव्हतं आणि कचेरीत भर दुपारी दिवे लावावे लागत होते, अशा वेळी हा मौनी साहेबांच्या दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, रजा हवी होती."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "काय होतंय तुम्हाला?"

"मला नाही. आईला. एक बाजू गेली तिची. बोलत नाही, ओळखत नाही."

"अरेरे," साहेब म्हणाले. त्यांना वाईट वाटलं हे खरं, पण त्याआधी क्षणभर त्यांचा चेहरा उजळला हेही खरं, आणि ते मौनीने पाहिलं.

"डॉक्टर म्हणतात, भानावर येईलही एखादे वेळी. आली तरी थोडाच वेळ. तेवढ्या वेळेला मी तिथं असायला हवं. घरात आम्ही दोघंच आहोत, साहेब."

मौनी आयुष्यात एका दमात इतकं बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मागितली त्याच्या दुप्पट रजा मंजूर केली आणि जायला निघालेल्या मौनीला थांबवलं. असं मुकाट्याने निघून जाणं प्रशिक्षणात बसत नव्हतं. सगळ्यांना गोळा करण्यात आलं. साहेब पाठिंब्याचे चार शब्द बोलले, मग आणखी बरेच बोलले. रोखपालांना राहवेना, त्यांनी आपल्या काकांच्या अर्धांगवायूची हकीकत सांगितली, आणि ती काकांच्या शेवटापर्यंत नेली. मौनी पिशवी हातात धरून उभा होता. तो दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टर फेरी संपवून निघून गेले होते.

साहेबांनी मग फर्मान काढलं की मौनीला कोणीही, कुठल्याही कामासाठी, फोन करायचा नाही. या निर्णयाची कल्पना मौनीला असावी म्हणून आवक-जावक बाईंनी त्याला दवाखान्यात फोन केला. मग रोखपालांनी, आपणही करणार नाही हे सांगायला केला. गाड्या धुणाऱ्यापासून सगळ्यांनी तेच केलं. संध्याकाळी साहेबांनी स्वतः फोन करून विचारलं, कोणी त्रास तर देत नाही ना? मौनी "बरं साहेब" म्हणाला. हे उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं, पण साहेब समाधानाने घरी गेले.

मौनीच्या खुर्चीवर बदली म्हणून रोखपालांना बसवलं होतं. त्यांना पैशांचे आकडे जुळवायची सवय, माणसं जुळवायची नाही. पहिल्याच सकाळी एका बसवर दोन चालक चढले आणि चाकावर हात कोणाचा यावरून त्यांची जुंपली. दुसऱ्या बसवर दोन वाहक आले आणि चालकच नाही. प्रवाशांनी तिकिटं काढली, बसले, आणि बसूनच राहिले. साहेबांच्या कारकिर्दीतली पहिली उभी बस. ते आगारात जाऊन तिच्याभोवती फिरून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

तरी मौनीला फोन करायचा नाही म्हणजे नाही. इथे साहेबांचं कौतुकच करायला हवं. माणूस हट्टाला पेटला की निदान काही काळ तो चांगला वागतो.

संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे विमा एजंट भेटले. त्यांना कोणाच्या घरी आजारपण आहे हे वासाने कळे. "आजारी माणसाचं सोडा साहेब, ते पडलेलं असतं," ते म्हणाले. "उशाशी बसतो ना, तो आधी जातो. आमच्या धंद्यात नेहमी बघतो. एकटाच आहे का हो तो?"

साहेब तडक दवाखान्यात गेले. लांबलचक हॉल, अर्ध्या भिंतीला हिरवा रंग, फिनेलचा वास, आणि लुकलुकणारी एक ट्यूबलाइट जी बदलावी असं कोणाच्या मनात आलेलं दिसत नव्हतं. खिडकीकडच्या खाटेवर मौनीची आई डोळे अर्धवट उघडे ठेवून पडलेली होती. खाटेशी बिनपाठीचं लोखंडी स्टूल. त्यावर मौनी, दाढी वाढलेली, आईचा हात हातात, आणि खाटेच्या दांडीवर हनुवटी टेकून पेंगलेला. साहेबांना भडभडून आलं. खोटं नाही, अगदी आतून आलं. एखाद्या चालकाला इतका वेळ सलग बसवलं असतं तर साहेबांच्या नोकरीवर गदा आली असती. आणि इथे एक माणूस बदलीशिवाय बसला होता!

"मौनी, उठा," साहेब म्हणाले. "उद्यापासून आम्ही सगळे आहोत. पाळ्या लावतो."

"तसं नको, साहेब. मी आहे ना."

"अहो, तुम्ही किती पुरे पडणार?"

"पण मला बसायचंच आहे. रजा त्यासाठीच घेतली."

"हाच तुमचा चांगुलपणा!" साहेब म्हणाले. "विश्रांती नाही ती रजा कसली? काही बोलू नका आता."

मौनीला काही न बोलण्याची सवय होतीच.

घरी साहेबांनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि पाळ्यांचं पत्रक मांडलं. बायको बराच वेळ बघत होती. "अहो, त्याला आवडणार आहे का हे?"

"त्यात न आवडण्यासारखं काय आहे? मला कळतं ना माणसाला काय हवं असतं ते."

"तुम्हाला कळतं तेव्हाच मला भीती वाटते," ती म्हणाली आणि झोपायला गेली. एवढ्या मोठ्या कामात घरातून कौतुकाचा एक शब्द मिळू नये, याचं साहेबांना फार वाईट वाटलं.

पाळ्या सुरू झाल्या. रोखपाल उशाशी बसून त्या न बोलणाऱ्या बाईला आपली पाठदुखी सांगू लागले. इतकं न अडवता ऐकणारं माणूस त्यांना प्रथमच लाभलं होतं. आवक-जावक बाईंनी खाटेजवळचं कपाट आवरलं, औषधं रंगाप्रमाणे लावली, आणि मग सिस्टरने ती आरडाओरडा करून परत वेळेप्रमाणे लावली. माणसांच्या या ये-जा करण्यावर दवाखान्याने लगेच उपाय काढला. एका रुग्णाला सोबतीचा एकच पास, आणि पासावर ज्याचं नाव तोच आत. पहिला पास ज्या सकाळी द्यायला आले त्या वेळी उशाशी रोखपाल होते. सबब पासावर रोखपालांचं नाव पडलं.

मौनी घरी जाऊन, अंघोळ करून, धुतलेली चादर घेऊन परत आला तर दारावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"पास?"

"आत माझी आई आहे."

"सगळ्यांचंच कोणी ना कोणी आत आहे. पास?"

मौनी बाहेरच्या बाकावर चादर मांडीवर घेऊन बसला. दुपारी साहेबांना हे कळलं आणि ते संतापले. त्यांनी दवाखान्याच्या कार्यालयात धडक मारली. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की सोबतीचं नाव बदलायचं तर आधीच्या सोबत्याची संमती हवी, आणि नवा सोबती रुग्णाचा नातेवाईक असल्याचा दाखला हवा. "अहो, पण आधीचा सोबती नातेवाईक नव्हताच!" साहेब ओरडले. "मग तुम्ही त्याला बसवलंत कसं?" बाईंनी विचारलं. साहेब पुढच्या खिडकीकडे वळले. खिडक्या पालथ्या घालता घालता त्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी मोठ्या डॉक्टरांच्या ओळखीने त्यांनी एक तोड काढलीच. पास एकच राहील, मात्र तो साहेबांच्या जबाबदारीवर, साहेब ठरवतील त्याच्या नावे रोज सकाळी बदलून मिळेल. साहेब विजयी मुद्रेने बाहेर आले आणि त्यांनी बाकावरच्या मौनीला खूशखबर दिली. आठवड्यातल्या दोन सकाळी पास त्याच्या नावे असणार होता.

मौनीने त्यांच्याकडे पाहिलं. "दोन?"

"तीन करू हवं तर. पण मग रोखपालांना वाईट वाटेल."

"बरं साहेब," मौनी म्हणाला.

आता घरी आई नाही आणि दवाखान्यात पास नाही, असा माणूस जाणार कुठे? एका सकाळी तो कचेरीत आला. त्याच्या खुर्चीवर बदली बसलेली होती, म्हणून तो भेटायला येणाऱ्यांच्या बाकावर बसला. समोरून रोखपालांचं पत्रक चाललं होतं. मौनीने ते हातात घेतलं, खिशातली पेन्सिल काढली आणि चार नावं इकडची तिकडे केली. त्या दिवशी सगळ्या बस वेळेवर सुटल्या. दुसऱ्या दिवशीही तो आला. साहेब त्याला विश्रांती घ्या, विश्रांती घ्या म्हणत राहिले आणि पत्रकं त्याच्या बाकापाशी ठेवत राहिले. त्याला फोन करायचा नाही हा नियम मात्र कोणी मोडला नाही. समोर बसलेल्या माणसाला फोन कशाला करायचा?

साहेबांनी मुख्य कचेरीला कळवलं की योग्य आधार मिळाल्याने रजेवरील कर्मचारी स्वखुशीने रोज कामावर येत आहे. मुख्य कचेरी भारावून गेली आणि तिने साहेबांना भाषणाला बोलावलं.

मग रोखपालांची पाठ धरली. त्या बिनपाठीच्या स्टुलाने ती पार कामातून गेली. ते वाकडे होत होत दारात आले आणि आजारपणाची रजा मागू लागले. साहेबांनी ती दिली, आधाराचे शब्द मात्र या खेपेला जरा तुटकच निघाले, कारण आवक-जावक बाईंच्या मुलाला गोवर निघाला होता आणि त्या दिवशी उशाशी बसायला कोणीच उरलं नव्हतं. आगारात तर गर्दीचा दिवस, जादा गाड्या सोडायच्या होत्या.

"मीच जातो ना, साहेब," बाकावरून मौनी म्हणाला.

इतका साधा उपाय! साहेबांनाही तो दिसला. पण समोर जादा गाड्यांचं पत्रक पडलं होतं, मौनीशिवाय ते कोणाला जुळणार नव्हतं, आणि ती उभी राहिलेली बस ते अजून विसरले नव्हते. खरं कारण हे होतं. त्यांनी सांगितलं ते निराळं. "तुमची पाळी उद्या आहे. आज तुम्ही माझ्या केबिनमध्ये आरामात बसा. जमलं तर एवढ्या जादा गाड्या बघून टाका. आईंपाशी आज मी बसतो. साहेब स्वतः बसतोय म्हटल्यावर काळजी कसली?"

मौनी उभा राहिला.  मग तो केबिनमध्ये गेला.

साहेब स्टुलावर बसले. थोड्याच वेळात त्यांना रोखपालांविषयी आदर वाटू लागला. खिडकीबाहेर तेच राखाडी आभाळ, समोरच्या खाटेवरचा म्हातारा सारखा किती वाजले विचारत होता, आणि सांगितलं की विसरत होता. आईचे डोळे उघडे होते, पण भिंतीकडे आणि माणसाकडे ते सारखेच बघत. साहेबांनी मनातल्या मनात मुख्य कचेरीत करायच्या भाषणाची जुळवाजुळव चालवली. साहेबच उशाशी बसतो, ही गोष्ट भाषणात फार छान बसणार होती.

अचानक त्यांच्या मनगटावर काहीतरी आलं. बघतात तर आईचा हात. बोटं हाडकुळी, पण पकड घट्ट.

"आलास?" ती म्हणाली.

शब्द जड होता, निम्मा तोंडातच राहिलेला. साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"बोला ना काका," सिस्टर धावत येत म्हणाली. तिच्या लेखी ज्याच्याकडे पास तो नातेवाईक. "विचारताहेत त्या. परत बोलतील न बोलतील."

 जन्मभर त्यांना एकच गोष्ट येत होती, जागा रिकामी ठेवायची नाही.

"आलो," ते म्हणाले.

"साहेबांनी सोडलं?"

साहेबांना वाटलं, उठावं आणि धावत सुटावं. मनगट तिच्या हातात होतं.

"सोडलं, आई."

"चांगले आहेत रे." ती थांबली, श्वास घेतला. "आता जाऊ नकोस."

"नाही जात."

तिने डोळे मिटले. पकड सैल झाली नाही.

"सिस्टर, माझ्या कचेरीत फोन लावा," साहेब कुजबुजले. "लवकर लावा हो." सिस्टरने लावला. कोणी उचलला नाही. साहेबांच्या केबिनमधला फोन साहेबांशिवाय कोणी उचलायचा नाही हा नियम होता, आणि तो साहेबांनीच केलेला होता. आत फोन वाजत असणार आणि त्याच्यासमोर मौनी पत्रक करत बसलेला असणार, हे साहेबांना इथून दिसत होतं. "पुन्हा लावा," ते म्हणाले. ती लावत राहिली. अखेर पलीकडे कोणीतरी "साहेब नाहीत" असं म्हणालं. साहेबांनी सिस्टरकरवी मौनीला ताबडतोब धाडायला सांगितलं.

मौनी आला तेव्हा त्याला धाप लागली होती. पहारेकऱ्याने अडवलंच होतं, सिस्टरने जाऊन आणलं. तो खाटेच्या पायथ्याशी थांबला.

"बोलली?"

"बोलल्या," साहेब म्हणाले. "आलास का म्हणाल्या."

"मग?"

"मी हो म्हणालो."

मौनी आईच्या तोंडाकडे बघत होता. "आणखी काय म्हणाली?"

"साहेबांनी सोडलं का म्हणाल्या." पुढचं साहेबांच्या तोंडून बाहेर पडेना. "सोडलं म्हणालो, मौनी. जाऊ नकोस म्हणाल्या. नाही जात म्हणालो."

मौनी बरं म्हणाला नाही. साहेब वाट बघत होते, त्याने रागवावं, ओरडावं, निदान काहीतरी म्हणावं. मग ते गडबडीने उठू लागले. "या, बसा तुम्ही. इथं तुम्हीच बसायचं." त्यांनी तिची बोटं हलकेच सोडवायला घेतली. एक बोट सुटलं. झोपेतच आईच्या कपाळाला आठी पडली आणि उरलेली बोटं आवळली.

"राहू द्या," मौनी म्हणाला.

"अहो, पण—"

"मी आलोय असं वाटतंय तिला. हात काढलात तर गेलो असं वाटेल."

साहेब परत बसले. त्यांना रडू येत होतं आणि एका हाताने रुमालही काढता येत नव्हता. दुसरं स्टूल मागवलं तर एका खाटेला एकच असं उत्तर आलं. मौनी पायथ्याशी उभा राहिला. आईच्या पायावरची चादर सरकली होती, ती त्याने नीट केली, आणि मग तो नुसता उभाच राहिला. साहेबांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. समोरच्या म्हाताऱ्याने किती वाजले विचारलं, पण त्याला कोणी सांगितलं नाही.

आई पुन्हा बोलली नाही. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते तेव्हा तिची बोटं आपोआप सुटली. सिस्टरने येऊन नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. साहेब उठले. मग मौनी स्टुलावर बसला.